वीस-वीस वर्षं डोळे मिटून बसणारी माणसं भांडतात कशाला?

प्रश्न आला आहे तो थोडक्यात असा: "विपश्यनेची दहा दिवसांची दोन शिबिरं झाली. गेले आठ महिने गुहागरजवळच्या सामूहिक साधनेला जातोय. तिथले जुने साधक मच्छर अगरबत्तीवरून, कुणी रेकी शिकलं त्यावरून, बुद्धाचा फोटो लावायचा की नाही यावरून वाद घालतात. गेल्या महिन्यात दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. वीस वर्षं समता, म्हणजे मन डळमळू न देणं, शिकून हीच गत होणार असेल तर मी तिथं जाऊन काय मिळवणार? त्यापेक्षा घरीच बसलेलं काय वाईट?"

मच्छर अगरबत्तीपासूनच सुरुवात करते. तो वाद आमच्याकडेही झाला आणि चांगले तीन पावसाळे चालला.

मी दापोली तालुक्यातली, आरोग्य सेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली. पहिलं शिबिर १९९७ च्या डिसेंबरात इगतपुरीला केलं. तेव्हा इथून रात्रीच्या एसटीनं मुंबई गाठायची आणि सकाळच्या गाडीनं कसारा घाट चढायचा. आमची सामूहिक साधना रविवारी सकाळी आठ ते नऊ, एका साधकाच्या माडीवर. एरवी नऊ-दहा माणसं, मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की वीस.

जुलैतली ती माडी डोळ्यांसमोर आणा. कौलांवर पाऊस, वीज गेलेली, गाद्यांना कुबट वास. माणसं अधिष्ठानाला बसलेली, म्हणजे तासभर हात-पाय हलवायचे नाहीत असं ठरवून, आणि त्यांच्या घोट्यांवर डास. एकानं अगरबत्ती लावली. दुसऱ्यानं उठून विझवली, का तर पहिलं शील, पाणातिपाता वेरमणी, म्हणजे जीव मारायचा नाही. लावणारा म्हणाला, डास धुरानं पळतात, मरत नाहीत. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी आरोग्य खात्यातली ना. मी होतं ते सांगितलं, की त्यात कीटकनाशक असतं, काही पळतात, काही मरतात. झालं! दोघांनाही वाटलं ताईंनी आपलीच बाजू घेतली.

पुढच्या रविवारी मीच गोत्यात आले. "ताई, तुम्ही तर जन्मभर डासांच्या अळ्या मारल्यात." खोटं नव्हतं. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पिंपं घासून पालथी घाला, टाकीत गप्पी मासे सोडा, हे सांगत मी घरोघर फिरले. गप्पी मासे तिथं जप करायला थोडेच सोडतात? मी हसून वेळ मारून नेली, पण घरी येऊन भांडी आपटली. संध्याकाळच्या बैठकीत श्वास कमी आणि उत्तरं जास्त सुचत होती.

तिसऱ्या पावसाळ्यात एका बाईंनी सुतार बोलावला आणि तिन्ही खिडक्यांना जाळी मारून घेतली. त्या या वादात एकदाही बोलल्या नव्हत्या. आता, तीन वर्षं कुणाला जाळी सुचली नसेल असं होईल का? जाळी लागली असती तर वाद संपला असता आणि तो संपायला कुणालाच नको होता. अगरबत्ती विझवणारा गटात सर्वांत जुना होता, लावणारा गेल्या साली पंचेचाळीस दिवसांचं शिबिर करून आला होता. आता मोठा कोण, हे ठरायचं होतं. बिचाऱ्या डासांचा संबंध तेवढ्यापुरताच.

म्हणून तुम्हाला सांगते, जुन्या साधकांचा वाद कानावर आला की तो कशावरून चाललाय ते सोडा आणि कशासाठी चाललाय ते बघा. साधनेसाठी चाललेला वाद आणि साधनेचे शब्द उसने घेऊन चाललेला वाद, दोन्ही एकाच माडीवर आणि कधी कधी एकाच तोंडून ऐकू येतात. मला ते वेगळे ओळखता यायला पंधरा वर्षं लागली.

त्याच पहिल्या शिलावरून आमच्याकडे एक वाद झाला, तो मात्र अस्सल होता. हर्णैकडचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या, आमच्यात येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. त्या दिवसांत तो दहा दिवसांचं शिबिर करून यायचा, सात-आठ वर्षं न चुकता. तिथं जुना साधक म्हणून आठ शिलं घ्यायची, संध्याकाळी नुसत्या लिंबू-पाण्यावर राहायचं, आणि ऑगस्टात पुन्हा दर्यावर जायचं. एकदा साधना झाल्यावर चहाचा कप हातात धरून तो म्हणाला, "मी रोज पहाटे शील मोडतो नि संध्याकाळी बसतो. जाळं ओढताना हाताला जे लागतं ना, तडफड, ती आता मला कळते. आधी नव्हती कळत. त्याचं काय करू?"

कुणी काही बोललं नाही. मग आमच्यातले एक शाळामास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, त्यांनी अंगुत्तर निकाय हा बुद्धवचनांचा पाली ग्रंथ काढला. उपासकानं करू नयेत असे पाच व्यापार: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. तेव्हा हा धंदा सोडल्याशिवाय सम्यक आजीविका, म्हणजे योग्य मार्गानं पोट भरणं, नाही, आणि सम्यक आजीविका नाही तर पुढची समाधी कच्ची.

तांडेल शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तुम्ही खाता म्हणून मी मारतो, का मी मारतो म्हणून तुम्ही खाता, ते एकदा सांगा."

गुरुजींच्या पिशवीत दर रविवारी काय असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. साधनेवरून परस्पर बाजार करूनच ते घरी जातात. पण गुरुजी हार मानणारे नव्हेत. पुढच्या आठवड्यात ते देवदत्ताची गोष्ट घेऊन आले. देवदत्त हा बुद्धाचा चुलतभाऊ आणि भिक्षू, त्यानं बुद्धाकडे पाच नियमांचा आग्रह धरला. त्यातला एक असा की भिक्षूंनी जन्मभर मासे-मांस खाऊ नये. पालीत शब्दच आहे 'मच्छमंस'. बुद्धानं ते नियम सगळ्यांवर लादायला नकार दिला. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही, तर भिक्षेत पडलेलं चालेल, एवढंच सांगितलं. म्हणजे खाणं निराळं, मारणं निराळं. त्यावर आमच्या जाळीवाल्या बाई पहिल्यांदा बोलल्या. "भिक्षेत पडतं ते वेगळं, गुरुजी. तुम्ही तर पापलेट दाबून बघून घेता."

हा वाद चार-पाच महिने चालला आणि त्या काळात कुणीही रविवार चुकवला नाही. सहायक आचार्यांना, म्हणजे शिबिरं घेणाऱ्या शिक्षकांना, विचारलं तेव्हा ते तांडेलाला एवढंच म्हणाले की बसणं सोडू नका, जे कळतंय ते कळू द्या. गुरुजींनी स्वतः चार महिने मासे सोडले. श्रावण सरल्यावर घरातल्या वासानं त्यांचं व्रत मोडलं, तेही त्यांनी आपणहून येऊन सांगितलं. तांडेलानं दोन वर्षांनी होडी पुतण्याच्या हाती दिली. आता तो जाळी शिवतो. जाळी शिवणं त्या पाच व्यापारांपैकी कशात बसतं हा प्रश्न अजून कुणी काढलेला नाही. मी तरी काढणार नाही.

आता फोटो. यावर मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या भागात हा प्रश्न वरवरचा नाही.

आमच्यातले तीन-चार साधक बौद्धवाडीतले. त्रिशरण-पंचशील त्यांनी पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. शिबिरात जे पाली शब्द मला नवे होते ते त्यांना आजीच्या आवाजात ठाऊक होते. त्यांचं म्हणणं असं की बुद्धाची साधना करायची, धम्म म्हणायचं, भवतु सब्ब मंगलं म्हणायचं, आणि बौद्ध हा शब्द आला की अंग चोरायचं, याला काय अर्थ? दुसऱ्या बाजूचे म्हणत, ज्यांची ही शिबिरं त्या गोयंका गुरुजींनी आयुष्यभर सांगितलं की ही विद्या कुठल्या एका संप्रदायाची नाही, इथं धर्मांतर नाही. फोटो लागला की आमच्या घरचे म्हणणार, धर्म बदललास. दोघांच्याही म्हणण्यात वजन आहे. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे इथून जवळच, मंडणगड तालुक्यात. निवृत्तीनंतर त्यांचे वडील रामजी सुभेदार काही काळ दापोलीतच राहिले होते. आणि १९२७ च्या सत्याग्रहाचं महाडचं चवदार तळंही आपल्या शेजारचंच. इथल्या बौद्ध माणसाला 'हे कुठल्याही धर्माचं नाही हं' असं घाईघाईनं सांगितलं की त्याला त्यात आणखीही काही ऐकू येतं. ते त्याच्या कानाचे भास नव्हेत.

मी दोन्ही बाजूंना एक तारीखवार गंमत सांगायचे. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. तेव्हा सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशातलेच एक तरुण मारवाडी व्यापारी होते. अर्धशिशीनं हैराण, मॉर्फिनची इंजेक्शनं घेणारे, घरचे कट्टर हिंदू. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, त्याच रंगूनमध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पहिल्या दहा दिवसांना बसले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल, सरकारी हिशेब सांभाळणारे गृहस्थ. पुढं १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली आणि १९६९ साली गोयंका भारतात येऊन मुंबईत पहिलं शिबिर घेते झाले. एक माणूस बुद्धाकडे अन्यायाच्या वाटेनं गेला, दुसरा डोकेदुखीच्या. हे सांगितलं की पाचेक मिनिटं सगळे गप्प बसायचे. मग पुन्हा सुरू.

पण खरा उलगडा फोटोनं झाला नाही, जागेनं झाला. माडी दुरुस्तीला निघाली तेव्हा बौद्धवाडीतल्या साधकांनी आपली ओटी देऊ केली. स्वच्छ, हवेशीर, पंखा असलेली. जुन्या जागेपासून चालत दहा मिनिटं नाहीत. आणि काय आश्चर्य, 'आमचा विरोध फक्त संप्रदायाला आहे' म्हणणाऱ्यांपैकी दोघांचे गुडघे त्याच महिन्यात दुखायला लागले. इगतपुरीला जायला न दुखणारे गुडघे. त्या ओटीवर भिंतीला बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, यजमानांच्या घरातला, त्यांच्या भिंतीवर. तो काढावा का, असं एकानं सुचवलं तेव्हा मी बावीस वर्षांत पहिल्यांदा साधनेच्या जागी आवाज चढवला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. समता ठेवायची म्हणजे जात दिसली की डोळे मिटायचे, असं मला कुठल्याही शिबिरात कुणी शिकवलेलं नाही. त्या दोघांपैकी एक सहा महिन्यांनी आला आणि दाराशी बसला. दुसरा नाही आला.

आता तुमच्याकडच्या रेकीबद्दल. हा वाद तंत्राचा आहे आणि त्यात नियम करणाऱ्यांची बाजू मला पटते. विपश्यनेत शरीरावर जी संवेदना येईल ती जशी आहे तशी जाणायची. गरम, थंड, मुंग्या, दुखणं, काहीही. काही घालायचं नाही, काही पाठवायचं नाही. रेकीत ऊर्जा पाठवायची असते. म्हणजे सकाळी मनाला 'हात लावू नको, नुसतं बघ' असं शिकवायचं आणि संध्याकाळी 'हात लाव' म्हणून सांगायचं. दोन डॉक्टरांची औषधं एकमेकांना न सांगता घेणारे रुग्ण मी खूप पाहिले आहेत. प्रत्येक औषध आपल्या जागी बरोबर असतं आणि माणूस मात्र गरगरतो. मोठ्या शिबिरांना अर्ज करताना दुसरी ध्यानपद्धती करता का हे विचारतात, ते याचसाठी.

मात्र हा नियम ताणून कुणी तुमच्या आईची आरती बंद करायला निघालं तर ऐकू नका. आमच्यात एक माळकरी आजी होत्या. श्वासाबरोबर विठ्ठल आपोआप यायचा. त्यांना सांगितलं, या एका तासात नाव बाजूला ठेवा, नुसता श्वास बघा, बाकीचे तेवीस तास विठ्ठलाचे. त्यांना जमलं. शिमग्यात पालखीला खांदा द्यावा का, यावर आमच्या एका मुंबईकर साधकानं पाऊण तास बौद्धिक घेतलं होतं. त्याला इतकंच म्हटलं, पालखी नाचवताना खांद्यावरच्या संवेदना बघ की, कोण नको म्हणतंय.

शुद्ध परंपरेचा फार आग्रह सुरू झाला की मी माणसांना पन्हाळेकाजीला घेऊन जाते. आपल्याच तालुक्यात, नदीकाठी, २९ लेणी. आधी थेरवादी भिक्षूंची, मग वज्रयानी, म्हणजे तंत्रमार्गी बौद्ध, आले, त्यांच्या देवता कोरल्या गेल्या, मग नाथपंथी आले, गणपतीही आला. त्याच खडकात, पुष्कळदा त्याच खोलीत. तिथं बसल्यावर प्रत्येकाला हवं ते दिसतं. गुरुजी म्हणाले, "बघा, भेसळ झाली की असं होतं." जाळीवाल्या बाई म्हणाल्या, "बसायला जागा थंड होती म्हणून सगळे आले."

एका बाबतीत मात्र वाद नको, आणि तिथं चूक माझीच आहे, म्हणून सांगते. शेजारच्या एका बाईला झोप यायची नाही, मन उदास. मी उत्साहानं शिबिराचा फॉर्म आणून दिला. त्यात आजार आणि चालू औषधं यांचा रकाना असतो. ती मानसोपचाराच्या गोळ्या घेत होती, ते लिहिलं तर घेणार नाहीत म्हणून तिनं लिहिलं नाही. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. गोळ्याही ती घरीच ठेवून गेली. पाचव्या दिवशी तिला परत आणावं लागलं आणि पुढचे दोन महिने घरच्यांचे फार वाईट गेले. तिसेक वर्षं औषधं वाटणाऱ्या बाईनं हे करावं! आमच्या गटात त्यावर दोन तट पडले होते. एकजण म्हणाला, विकार वर येत होते, तिनं टिकायला हवं होतं. तुमच्या गटात असं बोलणारा कुणी असेल तर त्याच्याशी खुशाल वाद घाला, मोठ्यानं घाला. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही आणि फॉर्मवर काही लपवायचं नाही.

बाकीचे वाद किरकोळ. २०१३ साली गोयंका गुरुजी गेल्यानंतर सगळं त्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजावरच चालावं का, हा आहे. त्यात चाकरमानी जास्त रमतात. कुणाला 'भंग' आला, म्हणजे सगळं अंग विरघळल्यासारखं वाटलं, कुणाच्या अंगभर धारा वाहिल्या, याची चढाओढ आहे. ती सुरू झाली की कप विसळायला उठा. अनुभव सहायक आचार्यांना सांगायचे असतात, चहाला तोंडी लावायला नसतात.

आता घरी बसण्याचं. बसा की, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास घरीच बसायचं आहे, सामूहिक साधना त्याच्या बदल्यात नाहीच. पण माझ्या पाहण्यातले जे 'मला गट नको, मी घरी करतो' म्हणून गेले, त्यांच्यातल्या बहुतेकांची संध्याकाळची बैठक गणपतीपर्यंत सुटली आणि सकाळची दिवाळीपर्यंत. मोठ्या इच्छाशक्तीची माणसं होती ती. माझी तेवढी नाही, म्हणून मी रविवारी जाते. पूर्वी माझा राग तीन-तीन दिवस पुरायचा. आता सकाळी आलेला साधारण दुपारच्या जेवणापर्यंत जातो. सव्वीस-सत्तावीस वर्षांची कमाई म्हणाल तर ही एवढी. तुम्हाला फार थोडी वाटेल, माझ्या सुनेला विचारा.

आणि ते दोघं, बोलणं टाकलेले. आमच्याकडेही होते, अगरबत्तीवाले तेच दोघं. एकाकडे माडीची किल्ली, दुसऱ्याकडे स्पीकर. चौदा महिने एक शब्द नाही. पण दर रविवारी पावणेआठला किल्लीवाला कुलूप काढायचा, स्पीकरवाला वायर पुढे करायचा आणि किल्लीवाला ती प्लगला लावायचा. वायर एका हातातून दुसऱ्या हातात, नजर भिंतीवर. लॉकडाऊन लागलं तसं तेही थांबलं. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. तुम्ही पाहिलंच असेल, आमच्याकडे नारळी-पोफळी झोपल्या, पत्रे कुठल्या कुठे गेले, किती दिवस वीज नव्हती. स्पीकरवाल्याच्या घराचं निम्मं छप्पर उडालं. दुसऱ्या दिवशी पडलेल्या झाडांवरून वाट काढत किल्लीवाला निळी ताडपत्री घेऊन आला आणि वर चढून म्हणाला, "दोरी धर." त्यावर हा खालून म्हणाला, "गाठ चुकतेय तुझी." तेव्हापासून पुन्हा भांडतात.

तुमच्या गटात काय करायचं म्हणाल तर दोन महिने चहाला थांबू नका. नऊ वाजता मंगल मैत्री, म्हणजे शेवटी सगळ्यांचं भलं चिंतायचं ते, संपली की चपला घालून निघा. दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी थांबा. गाद्या उन्हात घालायचा दिवस असतो तेव्हा थांबलात तर उत्तम, त्या दिवशी हात कामात असतात आणि कोण कसा आहे ते बरं कळतं. जागेवरून किंवा जातीवरून कुणाला टाळलं जातंय असं दिसलं तर दुसरा गट शोधा, किंवा जे टाळले जातायत त्यांच्या ओटीवर जाऊन बसा. बाकी अगरबत्तीचंच म्हणत असाल तर खिडकीचं माप घ्या आणि सुताराला फोन करा.